जुना रोलायफ्लेक्स, बसलेलं शटर

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात 1929 साली रोलायफ्लेक्स हा जुळ्या लेन्सचा कॅमेरा तयार झाला. वरच्या लेन्समधून बघायचं, खालचीतून 6 बाय 6 सेंटिमीटरचा चौकोनी फोटो घ्यायचा. असा जुना कॅमेरा हाती आला, तर आधी शटरचे संथ वेग तपासा. एका सेकंदाच्या वेगाला शटर अडखळलं, तर बहुधा आतल्या बारीक दातेरी चाकांवरचं तेल सुकून घट्ट झालेलं असतं. वरून नवं तेल सोडणं हा सर्वांत वाईट उपाय! ते शटरच्या पात्यांवर पसरतं आणि पाती एकमेकांना चिकटतात. पाती पूर्ण कोरडीच हवीत. जाणकार कारागीर शटर उघडून धुतो आणि मोजक्याच जागी किंचित वंगण लावतो.

आपल्या दमट पावसाळ्यात दुसरा शत्रू म्हणजे बुरशी. लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, की लगेच सफाई करून घ्या. उशीर झाला तर काचेवरचा लेप खराब होतो आणि तो डाग पुसून जात नाही. कॅमेरा चामड्याच्या पेटीत कोंडू नका. सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा आणि अधूनमधून सगळे वेग चालवून बघा.