संप लांबला तेव्हा घरात काय चाललं होतं

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



'अनिश्चित काळातलं कुटुंब' हा विषय संयोजकांनी मला दिला. या विषयावर मोघम बोलणं सोपं आहे, पण मोघम बोलण्यातून कुणाच्या पदरात काही पडत नाही. म्हणून मी एकच जागा आणि एकच काळ घेतो. जागा मुंबईचं गिरणगाव आणि काळ कापड गिरण्यांच्या 1982 च्या संपाचा. मी त्या वस्तीतला, गिरणी कामगाराचा मुलगा. वडील साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते.

1981 च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष पेटला, कामगार युनियनचे पुढारी डॉ. दत्ता सामंतांकडे गेले आणि 18 जानेवारी 1982 पासून अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर उतरले. राष्ट्रीय मिल मजदूर संघाची मान्यता, 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, सरकारची आणि मालकांची भूमिका यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. त्यातली एकच गोष्ट मला इथे हवी आहे. हा संप मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. काही गिरण्या हळूहळू सुरू झाल्या, काही कामगार आत गेले, हजारोंना परत घेतलंच नाही, पण 'संपला' असं कुणी म्हटलं नाही. घरात माणूस गेला तर तेराव्या दिवशी दुखवटा संपतो, चौदाव्या दिवशी माणसं कामाला लागतात. इथे तेरावा दिवस उजाडलाच नाही. पुढच्या महिन्यात मिटेल, गणपतीपर्यंत मिटेल, दिवाळीला नक्की मिटेल, अशा बोलीवर घरं चालली.

अनिश्चितता म्हणजे नुसती टंचाई नव्हे. टंचाई गिरणगावाला ठाऊक होती. 'पुढं काय' याला तारीख नसणं, हे नवीन होतं.

आमची खोली दहा बाय बाराची. अशा खोलीत सात-आठ माणसं कशी राहत, असं आज लोक विचारतात. ती राहत, कारण गिरणी तीन पाळ्यांत चालायची. एक दिवसपाळीला गेला की रातपाळीवाला त्याच्या जागेवर अंग टाकायचा. एका वेळी सगळे घरात नसायचेच. संप सुरू झाला आणि सगळे पुरुष एकाच वेळी घरात आले. बसायचं कुठे, हा पहिला प्रश्न होता. बायकांना तर पुरुषांसमोर दिवसभर वावरायची सवयच नव्हती. गिरण्यांचे भोंगे थांबले, त्यामुळे कधी उठायचं, डबा कधी भरायचा, पोरांना कधी हाक मारायची, याचाही ताल गेला. पगार थांबण्याआधी घराचं वेळापत्रक मोडलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भांडणं तिथून सुरू झाली.

पुष्कळजण गावी गेले. पुढाऱ्यांनीच सांगितलं होतं, गावाकडे जा, शेती बघा. कोकणात, साताऱ्याकडे, सांगली-कोल्हापूरकडे एसटी भरभरून गेल्या. तोवर मुंबईहून गावाला मनीऑर्डर जायची. आता गावाकडून पोतं यायला लागलं. तांदूळ, कुळीथ, सुक्या मिरच्या, आंबोशी. ज्या बाईनं वर्षानुवर्षं एकटीनं लावणी केली, सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं काढलं आणि पोस्टमनची वाट पाहिली, तिच्या शेतावर आता मुंबईचं घर जगत होतं. काही नवऱ्यांनी बायकोचे कष्ट पहिल्यांदा पाहिले ते त्या पावसाळ्यात, चिखलात तिच्या शेजारी वाकून लावणी करताना. मुंबईत बरीच वर्षं काढलेला नवरा आणि गावी राहिलेली बायको, दोघांना सलग चार महिने एकत्र मिळाले होते. सगळ्याच घरांत त्यातून गोडवा आला असं मी म्हणणार नाही. पण ओळख नक्की झाली.

आणि खानावळवाल्या. गिरणगावातला सडाफटिंग कामगार या बायांच्या हातचं जेवायचा, महिन्याच्या बोलीवर. पगार झाला की पैसे. पगारच नाही तर पैसे कुठले? तिकडे वाण्याचं देणं चढत जायचं. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेच्या कर्जापर्यंत न्यायला प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं, पण 1982 चा भार कुणालाही पेलण्यासारखा नव्हता. तरी कित्येक मावश्यांनी जेवणारी माणसं तोडली नाहीत. भाजी पातळ झाली, चपात्या मोजून आल्या, पण ताट आलं. त्यांना अन्नपूर्णा म्हणून हार घालणं सोपं आहे. त्यापायी गहाण पडलेले त्यांचे दागिने परत सुटले का, हे विचारायला कुणी गेलं नाही.

आता आमच्या घरातलं सांगतो. वडील पहिले काही महिने गॅलरीत बसून असायचे. बोलणं जवळजवळ बंद. आईनं एका कारखान्यातून काज-बटणाचं काम घरी आणलं, शर्टाच्या डझनावर मजुरी. ती, मी आणि धाकटी बहीण रात्री बटणं लावायचो. एकदा बहिणीच्या सुईतला दोरा सारखा तुटत होता. वडील आत आले, दोऱ्याची दोन टोकं हातात घेतली आणि अंगठा व तर्जनीत धरून क्षणात गाठ मारली. साच्यावर तार तुटली की मारतात ती, बारीक आणि न सुटणारी. बहीण म्हणाली, "बाबा, परत करा ना." त्यांनी परत केली. मग हळू केली, मग तिची बोटं धरून केली. त्या रात्रीपासून ते आमच्यात बसायला लागले. त्यांनी लावलेली पहिल्या काही शर्टांची बटणं वाकडी बसली. आईनं काही न बोलता उसवून परत लावली.

आमच्या घराच्या टिकण्याचं दुसरं कारण आईची वही. वाण्याची उधारी, पतपेढीचा हप्ता, भाडं, शाळेची फी, सगळं ती शनिवारी रात्री आम्हा सगळ्यांसमोर वाचायची. पोरांसमोर कशाला, असं आत्या म्हणायची. आई म्हणायची, "त्यांच्या ताटात कमी पडतंय ते त्यांना दिसतंय. का पडतंय तेही कळू दे." मंगळसूत्राची वाटी गहाण गेली तेव्हा ती तारीखही वहीत लागली. आम्ही रडलो, पण आम्हाला कुणी फसवलं नव्हतं.

जी घरं मोडली, त्यांतल्या अनेकांत हे बोलणंच नव्हतं. बाप दारूत बुडालेला, थोरला रोज सकाळी 'कामाला जातो' म्हणून निघालेला, आईला खरं ठाऊक आणि तीही गप्प. जयंत पवारांचं 'अधांतर' 1997 मध्ये रंगमंचावर आलं, त्यातली आई आणि तिची मुलं एका खोलीत राहूनही एकमेकांपासून किती दूर आहेत ते पाहा. एक मुलगा टोळीच्या वाटेला लागतो. ते नाटक आमच्या शेजारच्या दारातलं होतं. म्हणून, संकटात कुटुंब आपोआप जवळ येतं, हे मला मान्य नाही. संकटात कुटुंब फुटतंही. जवळ येतं ते घर, जिथे खरा हिशोब सगळ्यांसमोर येतो आणि प्रत्येकाच्या हातात, अगदी लहानाच्याही, घराच्या उपयोगाचं काहीतरी काम असतं. बेकार बापाला धीराच्या शब्दांपेक्षा घरात जागा हवी असते. ती जागा कामानं मिळते.

घरावर सगळं टाकून मालक आणि सरकार मोकळे झाले, हेही इथे स्पष्ट म्हटलं पाहिजे. कुटुंबानं तग धरला म्हणून अन्याय लहान होत नाही. ज्या पोरांची शाळा त्या वर्षी सुटली, त्यांना कुठलीही माया ती परत देऊ शकली नाही.

आज समोर बसलेल्यांत कंत्राटी नोकरीवरचे आहेत, एका ईमेलवर काम गेलेले आहेत, मोटरसायकलवर पार्सलं पोचवणारे आहेत. तुमचे भोंगे वेगळे आहेत, पण घरात लपवाछपवी तशीच चालते. हप्ता थकलाय हे बायकोला नाही सांगितलं, नोकरी गेलीय हे आईला नाही सांगितलं. सांगा. आजच सांगा, आणि घरातल्या दहा वर्षांच्या मुलालाही त्याच्या वयाला झेपेल तेवढं सांगा, आणि लगेच त्याला एखादं काम द्या.

आणखी एक मागणं. 1982 मध्ये ज्यांनी घरं चालवली त्या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. त्यांच्याकडे पतपेढीची पासबुकं आहेत, मनीऑर्डरच्या पावत्या आहेत, वह्या आहेत. जागा अडते म्हणून हे सगळं रद्दीत घालू नका. त्यांच्याजवळ बसा, एकेक पान उलटा आणि कुठल्या ओळीमागे काय घडलं ते त्यांच्याकडून विचारून लिहून घ्या. या कामाला फार वर्षं उरलेली नाहीत.