आकड्याशेजारचे तापमान

(हीरकमहोत्सवी विज्ञान प्रदर्शनाच्या समारोपप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आपल्या बडोद्यात रोहित्रांचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे, अनेक कारखाने आहेत. अशाच एका कारखान्यात अभियंता असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्याने प्रदर्शनासाठी एका जुन्या रोहित्राच्या दोन गुंडाळ्या आणून दिल्या. एक जाड तारेची, कमी दाबाची. दुसरी बारीक तारेच्या असंख्य वेढ्यांची, उच्च दाबाची.

नववीतील एका विद्यार्थिनीने सकाळी उच्च दाबाच्या गुंडाळीचा रोध मोजला. तो ५० ओहम भरला. अंगणातील उन्हात ठेवल्यानंतर दुपारी तोच ५२ ओहम आला. मी तिला म्हटले, "यांतला एक आकडा चुकला आहे. पाहुण्यांसमोर एकच ठेव." ती शांतपणे म्हणाली, "बाई, दोन्ही बरोबर आहेत. सकाळी गुंडाळी २० अंशांवर होती, आता ३० वर आहे."

चूक माझीच होती. तांबे तापले की त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. म्हणून चाचणीच्या नोंदीत रोधाशेजारी तापमान लिहितात आणि तुलनेसाठी तो बहुधा ७५ अंशांच्या हिशेबाने मांडतात. तिने तसे गणित करून दाखवले. दोन्ही नोंदी सुमारे ६०.८ ओहमवर येऊन मिळाल्या.

जाड तारेच्या गुंडाळीचा रोध इतका अल्प असतो की मोजणाऱ्या तारांचाच रोध त्यात मिसळतो. यासाठी चार तारा जोडतात. दोन विद्युतधारा नेतात, दोन केवळ विभवांतर मोजतात. मोजणाऱ्याने स्वतःचा भार मोजमापात येऊ द्यायचा नाही, असा हा दंडक.

दोन गुंडाळ्यांमधील विद्युतरोधन मात्र अभियंत्यांनी स्वतः मेगरने तपासून दाखवले. पहिले वाचन एका मिनिटाने, दुसरे दहा मिनिटांनी. रोधन कोरडे व निकोप असेल तर आकडा हळूहळू चढत जातो. ओलावा शिरला असेल तर जेमतेम हलतो. पहिल्याच वाचनावर विसंबले, तर हा भेद कळतच नाही.

त्या रात्री मला आपली प्रगतिपुस्तके आठवली. कित्येक वर्षे आम्ही त्यांत गुण लिहिले. ज्या परिस्थितीत ते मिळाले, ती लिहिली नाही. घरातील आजारपण, नुकतेच बदललेले गाव, घरी वेगळी आणि रस्त्यावर वेगळी भाषा, हे सारे त्या गुणांचे तापमानच होते. काही मुलांना तर आम्ही पहिल्या मिनिटालाच निकालात काढले असेल. आज सभागृहात बसलेल्यांपैकी कोणाच्या वाट्याला तसे आले असेल, तर शाळेच्या वतीने मी क्षमा मागते.

पालकांना विनंती एवढीच, की गुणपत्रिका हाती आली की शेजारचे तापमानही विचारा. आणि दहाव्या मिनिटापर्यंत थांबा.