बाळंतिणीचे मन



बाळंतिणीला कानडीत 'बाणंती' म्हणतात. शब्द जवळचे, तसे दोन्ही घरांतील उपचारही सारखेच: तेलाचे मर्दन, शेकशेगडी, डिंकाचे लाडू, कानाला बांधलेला रुमाल. सव्वा महिना तिच्या देहाची आपण जी काळजी वाहतो, तीत उणे काढावे असे फारसे नाही. परंतु पुढे ती कामावर रुजू होते, त्या दिवशी तिच्या मनाची विचारपूस कोण करतो?

माझीच चूक सांगते. माझी सून नोकरीवर परतली, तेव्हा नातू सहा महिन्यांचा होता. मूल झोपले तरी ती रात्रभर भिंतीकडे तोंड करून जागी असे. मी म्हणाले, "आमच्या वेळी एवढे लाड नव्हते. बाळ माझ्यापाशी अगदी सुखात आहे." बाळ माझ्यापाशी सुखात आहे, हेच तिला सलत होते! हे समजायला मला दोन महिने लागले. तोवर तिचे अन्न तुटले होते आणि मुलाला उचलून घेण्याचीही तिला भीती वाटू लागली होती. अखेर एका डॉक्टरीणबाईंनी ते दुखणे ओळखले. उपचारांनी ती बरी झाली.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येते, ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. ओसरले नाही, तर तो आजार समजावा. गोव्यातील मातांच्या एका पाहणीत, जी 2002 साली प्रसिद्ध झाली, दीड-दोन महिन्यांच्या बाळंतिणींपैकी 23 टक्के स्त्रियांत नैराश्य आढळले. दारिद्र्य आणि पतीशी बेबनाव ही त्यामागची कारणे होतीच. मुलगी झाली म्हणून घरात पडलेल्या उतरत्या चेहऱ्यांचाही त्यात वाटा होता. हा दोष बाळंतिणीचा म्हणावा काय?

कायदा स्वस्थ बसलेला नाही. 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूती-साहाय्याच्या विधेयकाचा कैवार घेतला आणि 1929 साली कायदा झाला. तेव्हा आपले हुबळी-धारवाड मुंबई इलाख्यातच होते. 1961 साली सबंध देशासाठी कायदा आला. 2017 साली पहिल्या दोन अपत्यांसाठीची रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली, आणि पन्नास वा अधिक नोकर असलेल्या ठिकाणी पाळणाघर आवश्यक ठरले. पण शेतावर खुरपणाऱ्या, चार घरची भांडी घासणाऱ्या बाईचे आठवडे कोण मोजतो? आणि रजा संपली म्हणजे मनाची तयारी झाली, असेही नव्हे.

अनेकजणी बोलत नाहीत, त्याचे कारण भय. 'वेडी म्हणतील, मूल काढून घेतील.' त्यांना सांगावे, की 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे उपचारासाठी राहिलेल्या आईपासून तीन वर्षांखालील मूल, त्याला धोका नसेल तर, सहसा दूर करीत नाहीत. या विद्यानगरातच मोठे सरकारी रुग्णालय आहे. धारवाडला मानसिक आरोग्याची संस्था आहे. तेथे तिला एकटीला पाठवू नका. सासूने सोबत जावे. नवऱ्याने तर जावेच. मी गेले, तेव्हा बाहेरच्या बाकावर तिचा हात धरून बसले होते. ती प्रथमच मोकळेपणी रडली, आणि मी काहीही बोलले नाही.