लशीचा कारखाना आणि सातबारा



गोंदियात लशीचा किंवा जैवऔषधांचा कारखाना येऊ शकेल का, यावर बोला, असे संयोजकांनी सुचवले. येऊ शकेल. मात्र अशी चर्चा नेहमी भांडवल आणि यंत्रांपासून सुरू होते. मी जमिनीपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे घोडे आधी तिथेच अडते.

'झुडपी जंगल' ही सातबाऱ्यावरची नोंद पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांबाहेर फारशी कुणाला कळत नाही. त्या तुकड्यावर आज एक झुडूपही नसेल, तरी सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात अशी जमीन वनजमीनच मानली. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेली वाटपे नियमित करून घेण्याचा मार्ग ठेवला आहे. नंतरच्या वाटपांची वाट बिकट आहे. तेव्हा गुंतवणूकदाराला जागा दाखवायला नेण्याआधी तलाठ्याकडचे जुने दप्तर उघडलेले बरे.

वनजमिनीचा पेच किती महागात पडू शकतो ते पुण्याजवळच्या मांजरीत दिसले. तिथे सुमारे १२ हेक्टर वनजमीन १९७३ मध्ये जनावरांच्या लाळ्या-खुरकूत लशीसाठी दिलेली होती. पुढे कारखाना इंटरवेट या बहुराष्ट्रीय कंपनीकडे आला, आणि तिने तो कोव्हॅक्सिन ही करोनाची लस बनवणाऱ्या भारत बायोटेकच्या सहयोगी बायोव्हेट कंपनीला द्यायचे ठरवले. वनखात्याने हरकत घेतली. यंत्रे जागेवर, इमारत तयार, आणि बाहेर करोनाची दुसरी लाट! शेवटी मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मार्ग मोकळा केला, तोही कंपनीने जमिनीवर हक्क सांगायचा नाही, या बोलीवर. महामारी नसती तर ते कुलूप कधी निघाले असते, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

बाकीच्या परवानग्यांची यादी वाचून तुम्हाला झोपवत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोनदा लागते, उभारणीआधी आणि उत्पादनाआधी. लशीचा परवाना राज्याचे अन्न व औषध प्रशासन एकट्याच्या सहीने देत नाही, केंद्राच्या औषध महानियंत्रकांची मंजुरी लागते. जनुकीय बदल केलेले जंतू वापरायचे असतील तर आणखी समित्या. लोक याला लालफीत म्हणतात. निम्मी असेलही. उरलेली निम्मी इमारतीच्या नकाशातच असते, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

परळच्या हाफकिन महामंडळाचे उदाहरण घ्या. २०२१ मध्ये त्यांना कोव्हॅक्सिन बनवायला सांगितले गेले. केंद्राचे ६५ कोटी, राज्याचे ९४ कोटी, वर्षाला २२.८ कोटी मात्रांचे उद्दिष्ट आणि आठ महिन्यांची मुदत. कुप्या भरण्याची सोय त्यांच्याकडे होती. नव्हती ती तिसऱ्या स्तराच्या जैवसुरक्षेची जागा. कोव्हॅक्सिनसाठी आधी जिवंत विषाणू वाढवावा लागतो आणि मग तो रसायनाने निष्क्रिय करतात. म्हणून विषाणूच्या खोलीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी हवा, दार उघडले तर हवा आत यावी, बाहेर जाऊ नये. कुपी भरण्याच्या खोलीत नेमके उलटे: दाब जास्त, म्हणजे बाहेरची धूळ आत शिरणार नाही. एकाच इमारतीत या दोन हट्टांना नांदवायचे! मध्ये लहान खोल्या, एकाच वेळी न उघडणारी दोन दारे, दर खोलीला दाबाची पायरी, आणि ती पायरी दहा-पंधरा पास्कलची. गोंदियाच्या मे महिन्यातल्या उन्हात ही हवा थंड, कोरडी आणि गाळून अखंड द्यायची. तिरोड्याच्या वीज केंद्रातल्या ३,३०० मेगावॅट विजेचे आपल्याला कौतुक आहे, पण म्हणून आपल्याकडे दिवे जात नाहीत असे या सभागृहात कुणी म्हणणार नाही. दोन मिनिटे पंखे थांबले की दाबाच्या पायऱ्या मोडल्या, आणि ती बॅच संशयात.

एवढे बांधल्यावरही काम संपत नाही. यंत्र बरोबर बसले का, बरोबर चालते का, रोज तसेच चालेल का, हे कागदावर सिद्ध करावे लागते. औषधाऐवजी जंतूंचे खाद्य कुप्यांत भरून पाहतात, एकाही कुपीत काही उगवता कामा नये. माझ्या मते आठ महिन्यांत हे सगळे मागणे म्हणजे धान पेरल्या दिवशी राइस मिलला गाडी लावण्यासारखे होते. एप्रिल २०२२ मध्ये तर मागणी घटल्यामुळे खुद्द भारत बायोटेकनेच उत्पादन मंदावले. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने मार्चमधल्या तपासणीत उत्पादन-पद्धतीत त्रुटी आढळल्यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमार्फत होणारा कोव्हॅक्सिनचा पुरवठा थांबवला. लशीच्या परिणामकारकतेबद्दल तक्रार नव्हती.

कागदाचे हे वेड कुठून आले? १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांना ५३ एन या एकाच बाटलीतून टोचले होते. लस मुंबईत, शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या प्रयोगशाळेत बनली होती, आणि निर्जंतुकीकरणाची पद्धत थोड्याच काळापूर्वी बदलून कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णता वापरायला सुरुवात झाली होती. चौकशी समितीने त्या बदलावर बोट ठेवले. प्रत्यक्षात गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसायला १९०७ उजाडले. पद्धत बदलली, तेव्हाच ती आधीइतकीच सुरक्षित आहे याचा लेखी पुरावा काढून ठेवला असता, तर समितीला बोट ठेवायला जागा कमी मिळाली असती. आज कारखान्यात साधी गाळणी बदलायची तरी आधी फॉर्म भरतात तो यासाठी.

गोंदियापुरते माझे मत विचाराल तर जिवंत विषाणूचा विभाग पहिल्याच फेरीत मागू नका. तयार द्रव आणून कुप्या भरणे, तपासणे, थंड साठवणे, इथून सुरुवात करा. त्यासाठी सूक्ष्मजीवशास्त्र येणारी आणि नोंदवही खरी लिहिणारी मुले लागतील. ती आपल्याच महाविद्यालयांत घडवता येतात, आणि त्यासाठी कुणाच्याही परवानगीची वाट पाहावी लागत नाही.