पोटांतील बाळाची हालचाल

दिवस भरत आलेल्या स्त्रीच्या मनांत ज्या अनेक शंका उठतात, त्यांत एक अशी असते कीं ती बोलून दाखवावी कीं नाहीं हेंच तिला उमजत नाहीं. पाय सुजले तर ते चारचौघांना दिसतात. परंतु पोटांतील मूल कालच्यासारखें आज हलत नाहीं, किंवा नेहमींपेक्षां कांहीं निराळेंच हलतें, ही गोष्ट साऱ्या जगांत तिच्या एकटीलाच ठाऊक असते. सुश्रुतसंहितेंत चौथ्या महिन्यापासून गर्भिणीस 'दौहृदिनी', म्हणजे दोन हृदयांची, असें नांव दिलें आहे. मराठींतील 'डोहाळे' हा शब्द त्याच कल्पनेशीं जोडला जातो. डोहाळे पुरविण्याची हौस घरोघर असते. मात्र त्या दुसऱ्या हृदयाविषयीं शेवटच्या महिन्यांत ती जी बातमी देते, तिच्याकडे कान देण्याची संवय तितकीशी दिसत नाहीं.

मुलाच्या हालचालीस एक क्रम असतो. पहिलटकरणीस ती साधारण अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास जाणवूं लागते. जिचें हें दुसरें-तिसरें बाळंतपण असेल तिला कांहीं आठवडे अगोदरही. चोविसाव्या आठवड्यापर्यंत मुळींच कांहीं जाणवलें नाहीं तर डॉक्टरांस दाखवावें. पुढें हालचाल वाढत जाते, बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास ती स्थिर होते आणि तशीच प्रसूतीपर्यंत टिकते. पोटांतील मूल झोंपतेंही. ही झोंप बहुधा वीस ते चाळीस मिनिटांची असते आणि निरोगी मुलाची झोंप दीड तासापलीकडे क्वचितच जाते. दुपार टळल्यावर व सायंकाळीं मूल अधिक चपळ असतें. आई कामांत असली म्हणजे पुष्कळशा हालचाली तिच्या ध्यानांतच येत नाहींत, आणि वार गर्भाशयाच्या पुढच्या बाजूस असली तर अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत त्या कांहीशा मंद भासतात.

एखाद्या सायंकाळीं माहेरीं आलेली लेक म्हणते, "आई, आज सकाळपासून बाळ गप्प वाटतंय गं." तोंच शेजारीं बसलेली आत्या उत्तर देते, "अगं, दिवस भरले कीं मूल खालीं सरकतं. त्याला जागाच उरत नाहीं, मग हलणार कुठून?" हें वाक्य इतक्या घरांतून आणि इतक्या मायेनें उच्चारलें जातें कीं त्याची शहानिशा करण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. त्यांत सत्याचा एक अंश आहे. जागा अपुरी पडल्यानें लाथांच्या ऐवजीं ढकलणें, लोळणें, कूस ताणून एखादा उंचवटा वर येणें, असा हालचालीचा प्रकार बदलतो. परंतु हालचालींची संख्या त्यामुळें कमी होत नाहीं. मुलास नाळेवाटे प्राणवायु कमी पोंचूं लागला म्हणजे तें प्रथम अंगाची हालचाल आंखडतें आणि हृदयाकडे व मेंदूकडे जाणारें रक्त राखून ठेवतें. म्हणून शेवटच्या आठवड्यांतील शांतता ही प्रसूति जवळ आल्याची खूण समजणें ही निव्वळ समजूत नव्हे, तर घातक समजूत आहे. आठव्या महिन्यांतलें मूल जगत नाहीं ही अशीच एक जुनी धास्ती. वास्तविक सातव्या महिन्यांत जन्मलेल्या मुलापेक्षां आठव्या महिन्यांतील मुलाची शक्यता अधिक चांगली असते.

हालचाल कमी होण्याऐवजीं ती चमत्कारिक वाटते, अशीही तक्रार असते. पोटांत एकाच जागीं, घड्याळाच्या लंबकासारखे ठराविक अंतरानें बारीक धक्के बसूं लागले तर ती बहुधा मुलाची उचकी होय. ती कांहीं मिनिटांनीं आपोआप थांबते आणि तिची चिंता करण्याचें कारण नसतें. मोठा आवाज झाला कीं मूल दचकतें. कधीं एकदम शहारल्यासारखें होतें, तेंही बहुतेक वेळां निरुपद्रवी असतें. सारें पोट ताठ होऊन पुन्हां सैल पडतें, तें मुलाचें हलणें नसून गर्भाशयाचें आंवळणें असतें. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स ह्या इंग्रज वैद्यानें १८७२ मध्यें त्याचें वर्णन केल्यापासून तें त्याच्या नांवानें ओळखलें जातें. मात्र एकाएकीं पूर्वीं कधीं न झालेली विलक्षण धडपड व्हावी आणि तिच्यामागून सारें सामसूम व्हावें, असें घडलें तर उजाडण्याची वाट पाहूं नये.

मग हालचाली मोजाव्यात काय? १९७६ मध्यें कार्डिफ येथील पिअर्सन व वीव्हर ह्या दोघांनीं एक सोपी रीत मांडली: सकाळीं नऊपासून मोजावयास आरंभ करावा आणि बारा तासांत दहा हालचाली भरल्या नाहींत तर कळवावें. रीत लोकप्रिय झाली. परंतु १९८९ मध्यें ६८ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीचा जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यांत सरसकट सर्वांनीं रोज मोजल्यानें मृत मुलांची संख्या घटल्याचें आढळलें नाहीं. पुढें ब्रिटन व आयर्लंडमधील ३३ रुग्णालयांत चार लाखांहून अधिक गर्भिणींच्या बाबतींत, हालचालींविषयीं जागृति व त्वरित तपासणी ह्यांचा प्रयोग झाला. २०१८ मध्यें त्याचे आंकडे बाहेर आले: मृतजन्म हजारीं ४.४० वरून ४.०६ वर आले. हा फरक निश्चयानें गुण म्हणावा इतका मोठा नव्हता, आणि कळा आणवून किंवा शस्त्रक्रियेनें केलेल्या प्रसूति मात्र वाढल्या. ह्यावरून कोणी उतावळेपणानें म्हणेल कीं सारी दक्षताच व्यर्थ. तसें नाहीं. वहींतील आंकडा सर्वांना सारखा लागू पडत नाहीं, एवढेंच त्यावरून दिसतें. कारण एक मूल स्वभावतःच खट्याळ तर दुसरें निवांत. तुलना करावयाची ती शेजारणीच्या मुलाशीं नव्हे, त्याच मुलाच्या कालच्या वागणुकीशीं. आणि ती तुलना आईवांचून कोणास करतां येणार?

शंका आली असतां डाव्या कुशीवर निजून, इतर व्यवधानें बाजूस सारून लक्ष द्यावें. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर दोन तासांत दहा निरनिराळ्या हालचाली जाणवल्या नाहींत तर त्याच वेळीं प्रसूतिगृहाशीं संपर्क साधावा. हालचाल थांबलीच आहे असें स्पष्ट वाटत असेल तर ते दोन तासही दवडूं नयेत. सरबत पाजणें, साखर खावयास देणें, गार पाण्यानें मूल जागें होतें कीं काय हें पाहणें, ह्या घरगुती उपायांत बहुमोल वेळ जातो. हल्लीं बाजारांत मिळणारें ठोके ऐकण्याचें यंत्र घरीं लावून समाधान मानणें तर अधिकच धोक्याचें; आईच्या रक्तवाहिनीचा आवाजही मुलाचा म्हणून ऐकूं येतो, आणि मुलाचे ठोके खरोखर ऐकूं आले तरी तें सुखरूप आहे असें त्यावरून ठरत नाहीं.

उशीर होतो तो बहुधा अज्ञानानें नव्हे, भिडेनें. सासऱ्यांस एवढ्या रात्रीं उठवावयाचें कसें, गेल्या आठवड्यांतच जाऊन आलों, डॉक्टरीणबाई हंसतील, असले विचार त्या स्त्रीस अंथरुणावर खिळवून ठेवतात. तेव्हां घरांतील वडील माणसांनींच "चल, दाखवून येऊं" असें म्हणावें, हें बरें. महाराष्ट्रांत रुग्णवाहिकेसाठीं १०८ हा क्रमांक आहे. तो घरांतील प्रत्येकास पाठ असावा.

प्रसूतिगृहांत प्रथम मुलाच्या हृदयाचे ठोके ऐकतात. १८२१ मध्यें केर्गारादेक नांवाच्या फ्रेंच वैद्यानें, मूल हलतांना पाण्याचा खळखळाट ऐकूं येतो कीं काय हें पाहण्यासाठीं गर्भिणीच्या पोटास नळी लावली, तों पाण्याऐवजीं घड्याळासारखी टिकटिक त्याच्या कानीं पडली! आतां त्या टिकटिकीचा आलेख वीस मिनिटें किंवा अधिक काळ कागदावर उतरवितात. मूल हलल्यावर ठोके वाढतात कीं नाहीं, ह्यावर डॉक्टरांची नजर असते. जरूर वाटल्यास सोनोग्राफीनें मुलाची वाढ व गर्भजल पाहतात. एकदांच हालचाल कमी वाटून आलेल्या दर दहा स्त्रियांपैकीं सुमारें सातजणींचें पुढें सारें निर्वेध पार पडतें. बहुतेकींस त्याच दिवशीं घरीं पाठवितात. घरीं आल्यावर दोन दिवसांनीं पुन्हां तसेंच वाटलें तर पुन्हां जावें. दुसऱ्या खेपेस तर अधिकच तांतडीनें, कारण ही तक्रार वारंवार होऊं लागली म्हणजे डॉक्टर मुलाच्या वाढीकडे निराळ्या नजरेनें पाहतात.