नाव आणि निदान



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला इंदूरच्या याच शाळेत विज्ञान शिकवले. मी पुढे मराठीच्या वाटेने गेलो. तेव्हा त्यांच्या स्मृतिदिनी आतड्याच्या विकारावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असे आपल्या मनात येईल. अधिकार एकच : रुग्णाचा.

आपल्या भाषेत पोटाच्या तक्रारींना शब्दांची वानवा नाही. तडस, गुबारा, मुरडा, करपट ढेकर, अजीर्ण. प्रत्येकाची छटा निराळी. जेवणानंतर तासाभरात माझे पोट नगाऱ्यासारखे फुगू लागले, तेव्हा मी त्याला ‘वात’ म्हटले आणि रोज रात्री चूर्ण घेऊ लागलो. अशी दोन वर्षे गेली. वजन आठ किलोंनी उतरले, तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. नाव सापडले म्हणजे निदान झाले, असे मी समजलो. जन्मभर शब्दांचा व्यवहार केलेल्या माणसाची ही चूक होती. शब्द वेदना सांगतो. कारण सांगेलच असे नाही.

अखेर डॉक्टरांकडे गेलो. या वयात वजन घटते म्हटल्यावर त्यांनी आधी रक्त तपासले आणि दुर्बिणीने आतडे पाहून गंभीर आजार नसल्याची खात्री करून घेतली. रक्तात बी-१२ जीवनसत्त्व फार कमी निघाले. तेव्हा त्यांनी लहान आतड्यातील जिवाणूंच्या अतिवाढीचा संशय बोलून दाखवला. वैद्यकात तिला ‘सिबो’ म्हणतात.

मोठे आतडे हे जिवाणूंचे घर. लहान आतड्यात त्यांची वस्ती विरळ असते. जठरातील आम्ल आणि पित्त त्यांना आवरतात. शिवाय पोट रिकामे असताना दर दीड-दोन तासांनी आतड्यातून आकुंचनाची एक लाट जाते आणि उरलेसुरले झाडून पुढे लोटते. जुना मधुमेह, शस्त्रक्रियेनंतर आतडी चिकटणे अशा कारणांनी ही झाडलोट मंदावली की जिवाणू माजतात. आपले अन्न ते आपल्याआधी आंबवतात आणि बी-१२ही फस्त करतात.

हे ओळखायचे कसे? येथे मला गुरुजी आठवले. जस्ताच्या तुकड्यांवर सौम्य आम्ल ओतून, परीक्षानळीच्या तोंडाशी पेटती काडी धरून त्यांनी ‘फट्’ असा आवाज ऐकवला होता. तो वायू हायड्रोजन. मानवी पेशी हा वायू तयार करीत नाहीत, आतड्यातील जिवाणू करतात. तो रक्तात मिसळून फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. म्हणून उपाशीपोटी पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज किंवा दहा ग्रॅम लॅक्ट्युलोज पाण्यातून देतात आणि ठरावीक वेळाने श्वास मोजतात. नव्वद मिनिटांच्या आत हायड्रोजन मूळ पातळीपेक्षा दशलक्षात वीस भागांनी वाढला, तर चाचणी होकारार्थी धरतात. मिथेन केव्हाही दहा भाग वा अधिक आढळला, तर मिथेन बनविणाऱ्या सूक्ष्मजीवांची वाढ मानतात. तिचे नाते बहुधा बद्धकोष्ठाशी असते.

माझी पहिली खेप फुकट गेली. चाचणीपूर्वी प्रतिजैविके चार आठवडे आणि रेचके आठवडाभर बंद असावी लागतात. रात्रीचे चूर्ण हे औषधच नव्हे, अशा समजुतीने मी ते सांगितलेच नव्हते! दुसऱ्या खेपेस आकडा सहावरून एकेचाळीसवर गेला.

ही चाचणीही निर्दोष नाही. ग्लुकोज वरच्या भागातच शोषले जाते, त्यामुळे खालची वाढ निसटू शकते. लॅक्ट्युलोज लवकर मोठ्या आतड्यात पोहोचले तर उगाच होकार मिळतो. म्हणून आकडा आणि रोगी दोन्ही पाहावे लागतात.

उपचार म्हणून रिफॅक्सिमिन हे प्रतिजैविक आणि बी-१२ची इंजेक्शने मिळाली. पूरक उपायांचे काय? मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात विकसित झालेला, आंबणारी शर्करा कमी असलेला आहार त्रास हलका करू शकतो. त्यात कांदा, लसूण, गहू वर्ज्य; म्हणजे इंदुरात राहून लसणीच्या शेवेवर पाणी सोडायचे! पण हा संयम काही आठवड्यांपुरताच. वजन उतरलेल्या माणसाने तो आहारतज्ज्ञांवाचून करू नये. वनौषधींविषयी अमेरिकेत २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्ण १०४ होते. वनौषधी घेणाऱ्यांपैकी ४६ टक्क्यांची आणि रिफॅक्सिमिन घेणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांची श्वासचाचणी नंतर नकारार्थी आली. मात्र रुग्ण चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते आणि हा फरक योगायोगाचाही असू शकतो. शिवाय ती मिश्रणे तिकडच्या बाजारातील होती; तो निष्कर्ष माझ्या चूर्णाला लागू होत नाही.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीदोषावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यातील लक्षणे वाचताना मला माझीच कहाणी दिसली. परंतु साम्य म्हणजे पुरावा नव्हे. परंपरेचा मान राखायचा, तर तिलाही मोजमापाला सामोरे जाऊ द्यावे. दोन जेवणांत अंतर राखणे, सावकाश चावणे, जेवणानंतर शतपावली हे मी आजही पाळतो. मात्र उपचारांच्या जोडीने, त्यांच्या जागी नव्हे. हा विकार पुष्कळांना पुन्हा होतो, हे जाणून सावधही असतो.

पोट आता शांत आहे. तळपायांच्या मुंग्या मात्र पुरत्या गेल्या नाहीत. ही दोन वर्षांच्या उशिराची किंमत. आधी पाहा, मग बोला, असे गुरुजी सांगत. तो धडा मी सत्तरी उलटल्यावर, एका नळीत फुंकर मारून पुन्हा गिरवला. आपण इतका उशीर करू नये, एवढेच मागणे.