झोपाळा कुणासाठी?

हंपीला गेलेला माणूस खिशातून पन्नासची नोट काढतो, मागच्या बाजूचा दगडी रथ समोरच्या रथाशी ताडून पाहतो, फोटो काढतो आणि परततो. पहिल्या खेपेला मीही तेच केलं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा विरूपाक्षाच्या बाजारातून तुंगभद्रेच्या काठाकाठानं चालत विठ्ठल मंदिर गाठलं. वाटेत धोंडेच धोंडे. 1520 च्या सुमाराला दोमिंगो पाइश हा पोर्तुगीज इथल्या टेकडीवर चढला, तरी विजयनगर त्याच्या नजरेत मावेना. त्याला ते रोमएवढं वाटलं. 1565 च्या लढाईनंतर या शहराची लूट झाली.

मंदिराच्या आवारातला तो रथ म्हणजे खरं तर गरुडाचं देऊळ. पुढचे हत्ती नंतर आणून ठेवलेले. त्यांच्या मागं वाकून पाहा, मूळच्या घोड्यांचे मागचे पाय आणि शेपट्या अजून तिथं आहेत. वर विटांचं शिखरही होतं. ग्रीनलॉ नावाच्या छायाचित्रकारानं 1856 मध्ये काढलेल्या फोटोत ते दिसतं.

गरुडाचं तोंड ज्या गाभाऱ्याकडे, तो मात्र रिकामा. आपल्याकडची कथा तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. विजयनगरच्या राजानं, कृष्णदेवरायानं पंढरीचा विठोबा इथं आणला. संत एकनाथांचे पणजोबा भानुदास त्याला न्यायला आले. हार चोरल्याचा आळ, मग सूळ, आणि सुळाला फुटलेली पालवी. पण याच आवारात एक झोपाळ्याचा मंडप आहे, 1554 मध्ये बांधलेला. कृष्णदेवराय वारला 1529 मध्ये. देव त्याच्याच काळात पंढरपूरला परतला असेल, तर पंचवीस वर्षांनी हा झोपाळा कुणासाठी बांधला? म्हणजे इथला विठ्ठल इथलाच असणार, लढाईपर्यंत झुलतही असणार. हे मला पटतं. तरी उंबऱ्यापाशी हात आपोआप जोडले गेलेच!

मंदिराच्या खांबांतून सूर निघतात, पण ते खांब वाजवायला आता बंदी आहे आणि ते बरंच आहे.

बाहेर पडताना वाटाड्यानं विचारलं, "कुठले तुम्ही?"

"महाराष्ट्रातले."

तो हसला. "मग आत काय शोधत होता? तुमच्याच माणसानं नेला ना आमचा देव!"

झोपाळ्याचं साल मी त्याला सांगितलं नाही.